आमचा रात्रीचा वर्ग

गेल्या वर्षीं शाळेच्या साक्षरता-वर्गाची व्यवस्था आमच्याकडे सोंपविण्यांत आली. शिकविण्याचें काम आम्हीं २० वर्षें केलें आहे. तेव्हां हेंहि सहज साधेल असा आमचा समज होता. तो समज कसा फिटला, हें सांगण्यासाठीं या अंकाचीं दोन पानें आम्हीं संपादकांकडून मागून घेतलीं आहेत.

वर्ग शाळेमागील वस्तींतील प्रौढ माणसांसाठीं होता, आणि शिकविणारे नववी-दहावीचे विद्यार्थी. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत शिकविणारानें वेतन घ्यावयाचें नसतें, स्वखुषीनें शिकवावयाचें असतें. आमचीहि रीत तीच. आरंभ आम्हीं मोठ्या थाटानें केला. पाहुणे आले, हार झाले, भाषणें झालीं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार असें मंडळ नेमलें. खजिना म्हणजे खडूंपुरते पैसे, तरी खजिनदार नेमलाच! हजेरीपट, नियमावली, उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यास दंड, कशांतहि उणें ठेविलें नाहीं. पहिल्या आठवड्यांत २२ माणसें येत होतीं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ७ उरलीं. आम्ही विद्यार्थ्यांना रागें भरलों. चिटणीसानें सुरेख अक्षरांत नवें वेळापत्रक करून आणलें, आम्हीं त्यावर सही केली, आणि पुढच्या आठवड्यांत ५ जण आले.

अशा वेळीं मनुष्य थोरांचीं चरित्रें चाळूं लागतो. फ्रँक लॉबॅक या अमेरिकन मिशनऱ्याची गोष्ट आम्हीं स्वतः बक्षीससमारंभांत अनेकदां सांगितली आहे. फिलिपिन्स बेटांतील लानाव प्रांतांत मारानाव लोकांना ते लिहिणें-वाचणें शिकवीत. १९३० नंतरच्या मंदींत मिशनचा पैसा आटला आणि पगारी शिक्षक ठेवणें अशक्य झालें. तेव्हां तेथल्या एका सरदारानें बजावलें कीं, जो शिकला त्यानें दुसऱ्यास शिकविलेंच पाहिजे. त्या सरदाराची भाषा याहून पुष्कळच कडक होती म्हणतात. 'प्रत्येकानें एकास शिकवावें' ही पद्धति तेथून देशोदेशीं गेली. पुढें लॉबॅकसाहेब हिंदुस्थानांतहि आले. ही गोष्ट सांगतांना आम्ही नेहमीं लॉबॅकसाहेबांची थोरवी गात असूं. हुकूम साहेबांचा नव्हता, त्या लोकांतल्याच एकाचा होता, ही गोष्ट त्या रात्रीं प्रथमच आमच्या ध्यानांत आली.

आमच्या मंडळांत त्या वस्तींतला कोण होता? एकच. तो मुलगा अभ्यासांत मागें, म्हणून आम्हीं त्याला कोणतेंच पद दिलें नव्हतें. सतरंज्या घालणें आणि फळा पुसणें एवढेंच काम त्याच्याकडे होतें. त्याला बोलावून विचारलें, तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, "सर, सात वाजतां नळाला पाणी येतें."

एवढेंच. वस्तींत पाणी सात ते आठ येतें, आणि आमचा वर्ग बरोबर सात ते आठ! ही वेळ आम्हीं कां ठरविली होती? तर पहारेकऱ्याला साडेआठला कुलूप लावून घरीं जावयाचें असतें म्हणून. १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढली, हें आम्ही वर्गांत शिकवितों. ती रात्रीची कां, हेंहि शिकवितों. आणि आमची शाळा मात्र किल्लीच्या सोयीनें भरत होती.

मुलाला धीर आला तशीं आणखीहि कारणें निघालीं. नातवाच्या वयाच्या पोरानें भर वर्गांत नांव पुकारून 'गैरहजर' म्हणावें, हें म्हाताऱ्या माणसांना झोंबत होतें. आम्हीं मुख्याध्यापकांकडून किल्ली आपल्या नांवावर घेतली, वेळ सवाआठची केली, आणि हजेरी मोठ्यानें घेणें बंद केलें. हळूहळू १५ जण येऊं लागले.

इकडे चिटणीस रुसला. त्याचे वडील येऊन म्हणाले, "गुरुजी, माझ्या मुलाची चूक कोणती?" चूक खरोखरच त्याची नव्हती. आम्हीं सांगितलें तें त्यानें बिनचूक केलें होतें. त्याचें पद तसेंच ठेवून आम्हीं त्याला त्या दुसऱ्या मुलाबरोबर घरोघर जाण्याचें काम दिलें. पहिला आठवडा दोघे एकमेकांशीं एक शब्द बोलले नाहींत. मग एका रात्रीं वीज गेली, चिटणीस गल्ल्यांत वाट चुकला, आणि दुसऱ्यानें त्याला हाताला धरून बाहेर आणलें. त्यानंतर हजेरीपट दोघे मिळून लिहूं लागले.

एक गोष्ट मात्र भरून आली नाहीं. बांधकामावर जाणाऱ्या एक बाई पहिल्या महिन्यांत येत असत. मुकादमाच्या वहींत आपल्या नांवापुढें किती दिवस मांडले आहेत, तें आपल्याला वाचतां यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. एकदां त्या तीन दिवस आल्या नाहींत. चौथ्या दिवशीं सर्वांसमक्ष आम्हीं विचारलें, "बाई, असें कसें चालेल?" त्या कांहीं बोलल्या नाहींत, पुन्हां आल्याहि नाहींत. दोन महिन्यांनीं आम्ही मुलांना घेऊन त्यांच्या घरीं गेलों, तों दाराला कुलूप. इमारत पुरी झाली, काम संपलें, मंडळी दुसऱ्या गांवीं गेली. कोणत्या गांवीं, हें शेजाऱ्यांना सांगतां येईना. आंकडे त्यांना नऊपर्यंत येत होते.

मार्चमध्यें ९ जणांनीं परीक्षा दिली. जुलैपासून वर्ग पुन्हां भरेल. पालकांपाशीं आमचें मागणें एवढेंच कीं, आठवड्यांतून दोन रात्रीं आपल्या मुलामुलींस सव्वानऊपर्यंत मोकळीक द्यावी, आणि मुलींना न्यावयास घरचें कोणी यावें. येणारानें बाहेर उभें राहूं नये, आंत येऊन बसावें. किल्ली आमच्याकडेच आहे.