श्वासातला वास

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मी कराडला ताईकडे पोचलो, तेव्हा भाचा सोफ्यावर आडवा होता. नऊ वर्षांचा पोरगा. एरवी मामाची चाहूल लागली की जिन्यापर्यंत धावत येणारा. त्या दिवशी त्यानं नुसते डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

"सकाळपासून तीनदा उलटी झाली," ताई म्हणाली. "हट्टानं उपास धरला ना, पित्त झालंय. डॉक्टरांनीही तेच सांगितलं." स्टुलावर पित्ताच्या गोळ्या होत्या आणि शेजारी रिकामा तांब्या.

ताप पाहायला त्याच्यावर वाकलो आणि वास आला. गोडसर पण उग्र, उतरलेल्या फळाचा असतो तसा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर नाकात जातो तसा. कपाळ गार होतं. छाती मात्र भात्यासारखी चालली होती. एकेक श्वास पार पोटातून ओढलेला.

बायोकेमिस्ट्री शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. प्रॅक्टिकलला दरवर्षी कीटोन ओळखायची रोथेराची चाचणी असते. परीक्षानळीतल्या नमुन्यात अमोनियम सल्फेट विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, सोडियम नायट्रोप्रुसाइडचे थेंब टाकायचे आणि नळीच्या कडेनं अमोनिया अलगद सोडायचा. दोन द्रव जिथं भेटतात तिथं जांभळं कडं उमटतं. मुलांना कडं दिसावं म्हणून नमुन्यात आम्ही ॲसिटोन घालतो, त्यामुळे तो वास माझ्या नाकात बसलेला. आपल्याच घरच्या लेकराच्या तोंडाला तो येईल, असं मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

"ताई, हा रात्री पाणी पितो का गं खूप?"

ती दचकलीच. "पंधरा दिवस झाले. रात्री तीन-चारदा लघवीला उठतो. दोनदा तर अंथरूण ओलं केलं, इतक्या वर्षांनी. शाळेची पँटही सैल झालीय. मला वाटलं, उंची वाढतेय."

शेजारच्या आजोबांकडे साखर मोजायचं मशीन होतं. त्यावर आकडा आलाच नाही. नुसतं 'हाय'. म्हणजे साखर मशीनच्या मोजमापापलीकडे गेलेली. तासाभरात तो आयसीयूत होता. रक्तातली साखर 642, कीटोन 6.1 आणि रक्ताचा पीएच 7.09. निरोगी माणसात हा पीएच 7.35 ते 7.45 असतो. टाइप वन डायबेटिस, आणि त्यातून झालेला डीकेए, म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिस.

उपासाचं खापर फोडणं किती चुकीचं होतं, ते इथं सांगायला हवं. त्यानं सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, दुपारी रताळ्याचा कीस. दोन्ही पिष्टमय. अशा फराळानं कीटोन वाढायचं काही कारणच नाही. उपासात खरोखर निराहार राहिलं, तरच शरीर त्या वाटेला जातं. यकृतात साठवलेली साखर जेमतेम शंभर ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या मेंदूलाच दिवसाला त्याहून जास्त लागते. एक-दीड दिवसात तो साठा संपत आला, की यकृत चरबीतून ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन तयार करायला लागतं. पहिल्याचा थोडा अंश फुटून ॲसिटोन होतो आणि श्वासातून बाहेर पडतो. गंमत म्हणजे हे इंधन बनवणाऱ्या यकृताला ते स्वतःला वापरता येत नाही; त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्याच्याकडे नाही. सगळं हृदयाला, स्नायूंना आणि मेंदूला.

मेंदूला फक्त साखरच चालते, असं डॉक्टर मंडळी फार वर्षं मानत होती. 1967 मध्ये बोस्टनला ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्या तीन लठ्ठ व्यक्तींच्या मेंदूकडे जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं. निम्म्याहून जास्त इंधन कीटोन पुरवत होते. हे नसते तर मेंदूसाठी साखर बनवायला शरीरानं स्वतःचे स्नायू भराभर खाल्ले असते. महात्मा गांधींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 10 फेब्रुवारी ते 3 मार्च 1943 असं एकवीस दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा त्यांचं वय 73 होतं. पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारे जैन शेजारी तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. एवढे दिवस माणूस तग धरतो, तो चरबी आणि कीटोन यांच्या जोरावर.

मग तेच कीटोन माझ्या भाच्याच्या जिवावर का उठले?

उपाशी माणसात इन्सुलिन कमी होतं, पण असतं. चरबी किती सुटावी याला ते लगाम घालतं. भाच्याच्या शरीरात तो लगामच उरला नव्हता. रक्तात साखर तुडुंब, पण पेशींच्या लेखी दुष्काळ. चरबी बेसुमार सुटत होती आणि यकृत कीटोन बनवत सुटलं होतं. ही आम्लं आहेत. रक्तातलं बायकार्बोनेट ती खाऊन टाकतात, आणि आम्लता उतरवायला फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड जोरजोरात बाहेर फेकतात. जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी 1874 मध्ये या खोल श्वासाचं वर्णन केलं. ते मी वर्गात कितीदा तरी वाचून दाखवलं आहे. ऐकला त्या रात्री.

मध्यरात्री साखर 250 च्या आसपास आली. नर्सनं सलाईन बदलून ग्लुकोजची बाटली लावली, तशी ताई उसळली. "अहो डॉक्टर, साखर वाढलीय म्हणता आणि ग्लुकोज काय चढवता?"

ड्यूटीवरच्या डॉक्टर वयानं लहान होत्या, पण खुर्ची ओढून बसल्या. "ताई, साखर लवकर उतरते, कीटोन मागे राहतात. ते जायला इन्सुलिन चालूच ठेवावं लागतं. बंद केलं तर ते पुन्हा वाढतील. आणि साखर फार खाली जाऊ नये म्हणून ही बाटली." चोवीस किलोच्या त्या पोराला तासाला दोन-अडीच युनिट इन्सुलिन थेंबाथेंबानं जात होतं.

मला टोरांटोचा लिओनार्ड थॉम्पसन आठवला. चौदा वर्षांचा, हाडांचा सापळा झालेला. 11 जानेवारी 1922 ला त्याला पहिलं इन्सुलिन टोचलं, तेव्हा साखर थोडी उतरली, कीटोन मात्र हटले नाहीत. बायोकेमिस्ट कॉलिप यांनी इन्सुलिनचा तो अर्क अधिक शुद्ध केला, 23 जानेवारीपासून तो दिला गेला, आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. औषध लागू पडल्याची खरी खूण ती होती.

भाच्याचे कीटोन दुसऱ्या दिवशी दुपारी 0.5 वर आले. श्वास शांत झाला, वास गेला. त्यानं आधी पाणी मागितलं, मग मामाला.

आता तो दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो आणि आजारी पडला की ताई साखरेबरोबर कीटोनही तपासते. लहान मुलाला सारखी तहान लागत असेल, लघवी वाढली असेल, वजन उतरत असेल, तर उपास, पित्त किंवा जंत यांवर सोडून देऊ नका. त्याच दिवशी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासून घ्या. मशीनला काही सेकंद लागतात.