हनुसंधि आणि मान

वांगणीहून मुंबईस नोकरीसाठीं जाणाऱ्या माणसाचे दिवसाचे तीन-चार तास आगगाडींतच जातात. आमच्या वहिनींचे ते मान खालीं घालून मोबाईलकडे पाहण्यांत जात. गेल्या पावसाळ्यांत पोळीचा घास चावतांना त्यांच्या कानाशीं कट्‌कन् आवाज येऊन कळ उठूं लागली. जांभई देणेंही जड झालें. दाढेचेंच दुखणें समजून दाढ काढण्यापर्यंत मजल गेली होती. सुदैवानें एका वृद्ध दंतवैद्यांनीं कानापुढें बोटें ठेवून तोंड उघडावयास लावलें, आणि दाढ वांचली.

हा सांधा मोठा विलक्षण! बिजागरीसारखा फिरतो आणि पुढें घसरतोही. मधली कूर्चेची चकती जागची सरकली कीं आवाज होतो. मात्र वेदना नसल्यास नुसत्या आवाजाला भिण्याचें कारण नाहीं. निखळलेला जबडा बसवून शेक व पंचांगी बंध करावा, असें सुश्रुतानेंही सांगितलें आहे.

मान पुढें काढली कीं खालचा जबडा किंचित् मागें ओढला जातो, हें वाचकांनीं स्वतःवरच पाहावें. तथापि वांकड्या मानेनेंच हा विकार जडतो, असें निःसंशय ठरलेलें नाहीं; मान आणि जबडा एकत्र दुखतात, एवढें मात्र वारंवार आढळतें. दांत आवळून धरण्याची संवयही पुष्कळदां या दुखण्यामागें असते. कचेरी, गाडी आणि घरची उठाबस मुकाट्यानें सोसणाऱ्या बाईस ‘ताठ बसा’ एवढेंच सांगणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं.

वहिनींना ओठ मिटून दांत सुटे ठेवावयास, शेकावयास व मऊ खावयास सांगितलें आहे. रात्रींचा स्वयंपाक हल्लीं आमचे बंधु करतात. भात अंमळ आसट होतो. वहिनींस तो मानवतो.