वीस चौरस मीटरांची पेढी

मनुष्याच्या अंगावरील वस्त्रांपैकी प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेले आहे. धोतर लज्जारक्षण करते, उपरणे वेळप्रसंगी घाम टिपते, पागोटे ऊन अडवते, बंडीच्या खिशात चंची राहते. परंतु गळ्याभोवती गाठ मारून छातीवर सोडलेली ती रेशमी पट्टी, जिला आपण टाय म्हणतो, ती थंडी अडवीत नाही, सदऱ्याला गुंड्या आल्यापासून गळा बंद करण्याचे कामही तिच्याकडे उरलेले नाही, आणि तरीही शतकानुशतके राजांनी, सेनापतींनी, वकिलांनी, अध्यापकांनी व कारकुनांनी ती मनोभावे बांधली आहे. ज्या वस्तूला उपयोगाचा आधार नाही ती आपल्या घडणीवर आणि तिला मिळालेल्या मानावरच तग धरते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आणि या समजुतीला बळकटी देणारे एक घराणे इटलीच्या दक्षिणेस, नेपल्स शहरात, समुद्राजवळच्या एका लहानशा दुकानात चार पिढ्या नांदत आहे. ई. मारिनेल्ला हे त्याचे नाव.

टायची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात फ्रान्सच्या चाकरीत दाखल झालेल्या क्रोएशियन स्वारांच्या गळ्यात एक रुमाल बांधलेला असे. तो पॅरिसच्या दरबारी मंडळींच्या नजरेत भरला, आणि चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत मलमल व लेस यांचा गळपट्टा हे सरदारकीचे लक्षण होऊन बसले. पुढे एकोणिसाव्या शतकात, घोडागाड्यांच्या, क्लबांच्या आणि कचेऱ्यांच्या इंग्लंडात या गळपट्ट्याचा पसारा आवरला जाऊन त्याची लांब, अरुंद, एका गाठीत बसणारी पट्टी झाली. मारिनेल्लांच्या हाती आली ती या इंग्लिश रूपातच.

नेपल्स हे एकेकाळी एका मोठ्या राज्याच्या राजधानीचे शहर होते. बूर्बों घराण्याची गादी तेथे होती, सान कार्लोचे नाट्यगृह १७३७ पासून तेथे गाजत होते. १८६१ मध्ये इटलीचे राज्य एक झाले, दरबार उठला, परंतु दरबारी अभिरुची मात्र उठली नाही. सत्ता गेलेल्या शहरात पोशाखाचा, खाण्याचा आणि गाण्याचा अभिमान कसा जपला जातो, हे तंजावरच्या मराठी दरबाराचा इतिहास ज्यांनी वाचला असेल त्यांना नव्याने सांगावयास नको. नेपल्सच्या कुलीन घरांत या अभिमानाला इंग्लिश राहणीच्या आकर्षणाची जोड मिळाली होती. तेथील सद्‌गृहस्थाला भाषा नेपल्सची, भोजन नेपल्सचे, पण छत्री, टोपी आणि कापड मात्र लंडनचे हवे असे. ही मंडळी संध्याकाळी फिरावयास निघत ती रिव्हिएरा दि कियाया या रस्त्याने, ज्याच्या एका अंगाला जुने वाडे आहेत आणि दुसऱ्या अंगाला बूर्बों राजांनी अठराव्या शतकात तयार करविलेले विस्तीर्ण उद्यान. त्या रस्त्याच्या पूर्वेकडील टोकाशी, पियात्सा व्हित्तोरिया या चौकात, एउजेनिओ मारिनेल्ला या गृहस्थाने १९१४ च्या जून महिन्यात आपले दुकान उघडले. जागा वीस चौरस मीटरांची, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांची. गिरगावातील चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड एवढ्यात मावावे. दुकान उघडले त्याच महिन्याच्या अखेरीस साराजेव्होच्या रस्त्यावर ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, आणि आणखी महिन्याभरात युरोप महायुद्धात ओढला गेला. एखाद्या व्यवसायाला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. पण ते दुकान आजही त्याच चौकात, तेवढ्याच जागेत आहे.

प्रारंभी तेथे मुख्य माल होता सदऱ्यांचा. एउजेनिओने पॅरिसहून कारागीर आणवून नेपल्सच्या कामकऱ्यांना सदरे बेतण्याची व शिवण्याची विद्या शिकविली. त्याबरोबरच तो नेमाने लंडनची वारी करून ब्रिगच्या छत्र्या, लॉकच्या टोप्या, फ्लोरिस आणि पेनहॅलिगनची अत्तरे असा निवडक माल आणीत असे. टाय या सगळ्यांत एका कोपऱ्यातला सोबती होता. सदरा घेणाऱ्याने जाता जाता घ्यावा असा. पुढे दुसऱ्या महायुद्धात नेपल्सच्या बंदरावर बाँबवर्षाव झाला, १९४३ च्या सप्टेंबरअखेर चार दिवस शहरवासीयांनी जर्मन फौजेशी रस्त्यारस्त्यांवर झुंज दिली, आणि या सगळ्यातून सावरता सावरता जगाचा पोशाखच बदलून गेला. कारखान्यातले तयार सदरे घरोघर आले. टोपी डोक्यावरून उतरली, हातमोजे मागे पडले. गडद रंगाच्या सुटात सगळे पुरुष सारखेच दिसू लागले तेव्हा ज्याला आपली निवड, आपले मन, आपला रंग दाखवायचा असेल त्याच्यापाशी चार बोटे रुंदीची एकच जागा शिल्लक राहिली. आणि माझ्या मते याच कारणाने एउजेनिओचा मुलगा लुइजी व नंतर नातू मौरित्सिओ यांच्या काळात कोपऱ्यातला टाय गल्ल्यावर येऊन बसला व सदऱ्याने त्याला वाट करून दिली.

हा टाय कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. त्याचे रेशीम छापून येते इंग्लंडातून, चेशायर परगण्यातील मॅकल्सफील्ड या गावाहून, जेथे चार्ल्स रो याने १७४३ च्या सुमारास रेशीम पिळण्याची गिरणी काढली आणि जेथल्या पॅराडाइज मिलमध्ये जकार्डचे हातमाग १९८१ पर्यंत चालू होते. त्या छपाईवर दिसणारे लहान लहान ठिपके, फुले आणि चौकटी इंग्लिश स्वभावाच्या, मितभाषी. परंतु इंग्लिश टायच्या नक्षीकामात आणखी एक आकृती वारंवार भेटते, आणि ती आपल्या घरची आहे. लुगड्याच्या पदरावर, शालीच्या काठावर, रांगोळीत आपण जी कोयरी काढतो, तीच काश्मिरी शालीवर बसून कंपनीच्या अमदानीत विलायतेस गेली, स्कॉटलंडच्या मागांवर विणली गेली, रेशमावर छापली गेली आणि इंग्लिश गृहस्थाच्या गळ्यात जाऊन विसावली. मंजिष्ठेच्या मुळीपासून निघणारा तांबडा रंगही असाच पूर्वेच्या व पश्चिमेच्या रंगाऱ्यांना सारखाच परिचित. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे रंगद्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले, तरी त्या जुन्या, किंचित धुरकट तांबूस छटेची ओढ टायच्या शौकिनांना अजून आहे.

टाय हातात घेऊन उलटा करून पाहावा. कापड उरेब कापलेले असते, म्हणजे ताण्याबाण्याला तिरपे. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ याने १९२० च्या दशकात ही युक्ती आणि तीन तुकडे जोडण्याची पद्धत रूढ केली, आणि तेव्हापासून गाठ सोडल्यावर टाय पीळ न राहता पुन्हा सरळ लोंबू लागला. पाठीमागे मधोमध एक लांब शिवण धावते. ती हाताने, सैल धाग्याने घातलेली असते, आणि टोकाशी त्या धाग्याचा थोडा फासा मोकळा सोडलेला असतो. गाठ ओढताना कापड ताणले जाते तेव्हा तो धागा आत सरकतो व शिवण तुटत नाही; यंत्राच्या घट्ट टाक्याला हे शहाणपण नाही. रुंद टोकापासून थोड्या अंतरावर जाड दोऱ्याचा एक आडवा टाका असतो, तो दोन्ही घड्यांना धरून ठेवतो. सात घड्यांच्या टायची गोष्ट आणखी निराळी: त्यात रेशमाचा मोठा तुकडा कडांकडून मध्याकडे पुन्हा पुन्हा दुमडीत नेऊन टायला अंग येते, नेहमीच्या टायपेक्षा त्यात जवळजवळ दुप्पट रेशीम खर्ची पडते. बोटांत धरला की तो भरीव लागतो आणि तरी लवतो. हे सगळे काम नेपल्समध्येच, हाताने होते. ज्यांच्या हातून ते होते त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही टायवर नसतात; मला स्वतःला ती असावीत असे वाटते.

राज्यकारभारात या टायचा शिरकाव झाला तो फ्रांचेस्को कोस्सिगा यांच्यामुळे. १९८५ ते १९९२ या काळात इटलीचे राष्ट्राध्यक्ष असताना ते परदेश दौऱ्यावर जात तेव्हा तेथील प्रमुखांसाठी मारिनेल्लाच्या पाच टायची पेटी नजराणा म्हणून नेत. पुढे १९९४ च्या जुलैमध्ये सात धनाढ्य राष्ट्रांची परिषद नेपल्समध्ये भरली, तेव्हा क्लिंटन, कोल, मितराँ, मेजर यांच्यासारख्या प्रमुखांना सहा सहा टायच्या पेट्या देण्यात आल्या, आणि वीस चौरस मीटरांच्या दुकानाचे नाव सात मुलुखांच्या दरबारी जाऊन पोचले. मराठी वाचकाला यात काही अपरिचित वाटू नये. पेशवाईत वकील रवाना होताना, तह पुरा होताना, सरदाराची नेमणूक होताना मानाची वस्त्रे देण्याचा दस्तूर होता. दप्तरांत या खिलतींच्या याद्या तपशिलाने लिहिलेल्या आढळतात, शेला किती, पागोटे कोणते, किनखापाचा तागा कसा. वस्त्राच्या द्वारे मान देण्याची ती रीत कोस्सिगांच्या पेटीत नव्या वेषाने पुन्हा उभी राहिली.

परंतु मान देण्याची वस्तू आणि मान मिळविण्याची वस्तू यांत अंतर आहे, आणि टायचा विचार करताना महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला ते विसरता येत नाही. ज्यांच्या अंगावर कोणते कापड असावे हे शतकानुशतके इतरांनी ठरविले, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाडच्या सत्याग्रह परिषदेत स्त्रियांना लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलण्यास सांगितले. आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावरील कोट व गळ्यातील टाय हे कोणी बहाल केलेले नव्हते, ते कोलंबिया, लंडन आणि ग्रेज इन येथील विद्येबरोबर त्यांनी आपल्या अधिकाराने घेतले होते. आपल्या गावोगावच्या पुतळ्यांवर शिल्पकार ती गाठ इतक्या निगुतीने कोरतात याचे मला नेहमी समाधान वाटते. टायला मिळालेला इतका मोठा अर्थ युरोपच्या कोणत्याही दुकानाने दिलेला नाही.

नेपल्सच्या दुकानाचा मान निराळ्या प्रकारचा आहे, रोजच्या शिरस्त्यातून साठत गेलेला. दुकान पहाटे साडेसहाला उघडते. मौरित्सिओ, जो लहानपणी आजोबांचे बोट धरून तेथे येऊ लागला, तो पुढेही गिऱ्हाइकाचे स्वागत स्वतः करीत आला. आलेल्याला कॉफी आणि स्फोल्यातेल्ला हे पापुद्र्यांचे गोड खाद्य पुढे करण्याची तेथे रीत आहे. नाताळाच्या दिवसांत दाराबाहेर रांग लागते, कारण आत एका वेळी मोजकीच माणसे मावतात, आणि मग कॉफी रांगेपर्यंत जाते. केनेडी, ओनासिस, स्पेनचे माजी राजे हुआन कार्लोस अशी नावे या घराण्याच्या ग्राहकांत सांगितली जातात; परंतु रांगेत उभा राहणारा नेपल्सचा वकील किंवा डॉक्टर, जो वर्षाकाठी एकच टाय घेतो, त्याच्यामुळे ही पेढी उभी राहिली असे मी मानतो. मिलान, लंडन, टोकियो येथे पुढे शाखा निघाल्या. मूळ जागा मात्र वाढविली गेली नाही, आणि मालकाची उठबस अजून तेथेच आहे. आजकाल व्यापार म्हणजे विस्तार असे जे समीकरण आपण सर्रास धरून चालतो, त्याला या घराण्याने निदान मूळ दुकानापुरता तरी शंभर वर्षे धीराने नकार दिला आहे.

कचेऱ्यांतून टाय आता झपाट्याने उतरत आहे. मोठ्या अधिकाऱ्यांनीही गळा उघडा ठेवणे सुरू केले आहे. चौथ्या पिढीचा आलेस्सांद्रो आज वडील मौरित्सिओ यांच्याबरोबर या पेढीचा कारभार पाहतो, आणि त्याच्या हाती आलेला काळ त्याच्या पणजोबांच्या काळाइतकाच अवघड आहे, युद्धाशिवाय. तरी गिऱ्हाईक आले की छापलेल्या रेशमाचे तुकडे गल्ल्यावर एकावर एक पसरले जातात, बोटाने एक नक्षी निवडली जाते, रुंदी विचारली जाते, गिऱ्हाइकाच्या उंचीवरून लांबी ठरते, कारण गाठ बांधल्यावर टायचे टोक कमरपट्ट्याच्या बकलाशी नेमके टेकावे लागते. आणि तो तुकडा, मापासह, शिवणाऱ्या स्त्रियांकडे रवाना होतो.