पाणी ओसरल्यावर

नाशिकला राहणाऱ्या माणसाला एक जोडधंदा आपोआपच चिकटतो. तो म्हणजे पाहुण्यांना गाव दाखवण्याचा. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, पांडवलेणी, वेळ उरला तर त्र्यंबक आणि वेळ न उरला तरी चिवडा, हा क्रम आमच्या घरी इतका ठरून गेला आहे की, मी कॉलेजात मराठी शिकवतो ही गोष्ट काही पाहुण्यांना निघण्याच्या दिवशी कळते. पण २०२१ नंतर या क्रमातून रामकुंड गळले होते. पाहुण्यांना मी काळारामापर्यंत नेई आणि "पुढे फार गर्दी असते हो," असे सांगून माघारी फिरवी.

यंदा पितृपक्षात कल्याणहून वहिनी आल्या. माझ्या थोरल्या भावाची पत्नी. दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. तो एप्रिल नाशिककर विसरणार नाहीत. त्या वर्षीची रामनवमी २१ तारखेला होती. रामाच्या गावात रामाचे देऊळ बंद, आणि त्याच दिवशी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसांहून अधिक रुग्ण दगावले. गावावर अशी अवकळा असताना तिकडे कल्याणला दादा गेल्याचा फोन आला. आम्हांला जाता आले नाही. ज्या घाटावर दशक्रियेला सारा महाराष्ट्र येतो, त्या घाटाच्या गावात मी बसून, आणि माझ्या भावाच्या अस्थी कुणा परक्या माणसाने तिकडे खाडीत सोडल्या. त्यानंतर मी गंगेवर गेलो नाही. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळून जाऊ नये.)

वहिनी आल्या त्या साबणाची स्वतंत्र डबी घेऊन. आल्या आल्या त्यांनी हात धुतले, ते पाच मिनिटे धुतले. मग पर्स पुसली. मग पर्स पुसलेले फडके धुतले, आणि फडके धुतलेले हात पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दुधाच्या पिशवीला आंघोळ घडली. २०२० साली हे सगळ्यांनीच केले होते. वर्तमानपत्राला इस्त्री करून मग ते वाचणारे एक गृहस्थ आमच्या शेजारीच राहतात. पण त्यांची इस्त्री केव्हाच कपड्यांकडे परत गेली. वहिनींच्या हातांची सालपटे निघाली होती. पुतण्या मला फोनवर म्हणाला होता, "काका, आई दिवसातले चार तास मोरीत असते. बोललं की रडते, म्हणून आम्ही बोलतच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सोमेश्वरला नेले. पाऊस चांगला झाला होता, धबधबा पांढरा शुभ्र कोसळत होता, आणि कणसे भाजणाऱ्या बायांची घाई चालली होती. वहिनींनी कणीस घेतले नाही. आम्ही खडकावर रुमाल टाकून बसलो. प्राध्यापकाला गप्प बसवत नाही, हा त्याच्या धंद्याचा दोष. मी त्यांना सांगू लागलो की, येथून जवळच गोदेकाठी जलालपूर म्हणून गाव आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक तिथे १८६८ साली जन्मल्या. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना इंग्रजांनी फासावर चढवले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. मीठ आणि साखरसुद्धा धुवून घ्यावी, इथवर मजल गेली. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या विनोदाने लिहिले आहे की, आमच्या वर्गात दरवर्षी या भागाला हशा पिकतो.

बोलून गेलो आणि जीभ चावली. मिठाच्या धुण्याची गोष्ट मी कुणाला सांगत होतो!

वहिनी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, त्यांना कुणी विचारलं का हो, की तुम्हांला भीती कशाची वाटते?"

इतकी वर्षे मी ते पुस्तक शिकवतो. हा प्रश्न मला किंवा माझ्या एकाही विद्यार्थ्याला सुचला नव्हता.

"मी विचारतो," मी म्हणालो. "तुम्हांला कशाची वाटते?"

"मेथीची जुडी मी आणली होती," त्या म्हणाल्या. "ह्यांना आवडते म्हणून. मंडईत ही गर्दी होती. चार दिवसांनी ह्यांना ताप आला."

हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो, भाजीपाल्यावरून झाल्याचे फारसे आढळले नाही, हे पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. ते मी त्यांना सांगितले.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "डोक्याला ठाऊक आहे. हातांना नाही ना."

मग मी माझे सांगितले. दादाला रुग्णालयात नेले त्या सकाळी त्याचा मला फोन आला होता. मी संगणकासमोर बसून तास घेत होतो. तास झाल्यावर करू, म्हणून मी फोन कापला. संध्याकाळी दादा यंत्रावर होता. पुढे दोन वर्षे मला पहाटे तीनला जाग येई आणि फोन वाजल्याचा भास होई. करुण रसाचा स्थायी भाव शोक, एवढे फळ्यावर लिहून एकदा मला पुढे बोलता येईना. मुलांना वाटले, सरांचा घसा बसला. पत्नीने एका मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेतली, तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. आमच्या वर्गातल्या लोकांना मधुमेह सांगायला लाज वाटत नाही. उलट साखरेचे आकडे आम्ही लग्नाच्या पंगतीत एकमेकांना ऐकवतो. पण हा दवाखाना म्हटला की, आपली स्कूटर कुणी ओळखेल का, याची चिंता! मी पहिल्यांदा गेलो तो रिक्षाने, आणि उतरलो एक चौक अलीकडे.

"तुम्ही गेलात?" वहिनी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

डॉक्टरांकडून मला जे कळले ते त्यांना सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले की, साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य जगभर २५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे आपण दोघे काही जगावेगळे नाही. वहिनींच्या दुखण्याला आपल्या भाषेत मंत्रचळ हा जुना शब्द आहे आणि आता त्यावर उपचारही आहेत. औषधे असतात, शिवाय धुण्याची ऊर्मी आली की ती थोडी थोडी लांबवायची, हात न धुता आधी थोडा वेळ राहायचे, मग त्याहून जास्त, अशी सवय तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करवून घेतात. घरच्यांनी रागावून काही होत नाही आणि नळ बंद करूनही नाही. ज्यांना दवाखान्याची पायरी जड वाटते, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की कुणी तरी ऐकून घेते. पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. वहिनींनी क्रमांक लिहून घेतला. पर्समधून काढलेले पेन मात्र आधी पुसले.

परतताना त्या म्हणाल्या, "रामकुंडावर जाऊ या का? तुम्ही म्हणत असाल तर."

गाडी लावायला नेहमीप्रमाणे जागा नव्हती. पितृपक्षामुळे घाट गजबजलेला. कुणाचे मुंडन चालले आहे, कुणी पिंड घेऊन उभे आहे, गुरुजी घाईत आहेत, आणि मध्येच एखादे पोर पाण्यात उडी टाकते आहे. गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता. पुराचे पाणी किती चढले हे आम्ही दुतोंड्या मारुतीवरून मोजतो: गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. त्या दिवशी पाणी त्याच्या पायांखाली उतरत होते आणि त्याच्या अंगावर गाळाची ओली रेघ राहिली होती. धरण मातीचे आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देऊन चालत नाही, आधीच दरवाजे उघडावे लागतात. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात भवभूतीने रामाला याच पंचवटीत आणून मनसोक्त रडवले आहे, आणि तिथे त्याने दाखलाही भरलेल्या तळ्याचाच दिला आहे. तो श्लोक मला पाठ आहे. त्या वेळी मात्र मी तो म्हटला नाही. वहिनी पायरीवर बसून रडत होत्या, आणि माझेही काही वेगळे चालले नव्हते. घाटावर अशा वेळी कुणी वळून पाहत नाही.

आम्ही द्रोणातला दिवा सोडला. तो चार हात गेला आणि विझला. त्यापुढे द्रोण तसाच गेला.

वर आल्यावर एका टोपलीवालीकडे पेरू होते. दादाला पेरू फार आवडायचे. वहिनींनी दोन घेतले, बाटली उघडली आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्यांनी पेरू धुतला, एकदाच, आणि अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.