रहिमतपूरवरून गेलेली गाडी आणि मिलिंदचे प्राचार्य

साताऱ्याकडून निघालेली गाडी कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव मागे टाकत मसूरला पोहोचते. १९०१ साली याच मार्गाने घरातील मुलांसोबत लहानगा भीमराव वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला होता. मसूरला मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर पालटला. दुप्पट भाडे आणि बैल मुलांनीच हाकायचे, या अटीवर गाडी मिळाली. जवळ जेवण होते. पाणी मात्र रात्रभर मिळाले नाही.

हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. त्या मुलाने पुढे उभारलेल्या महाविद्यालयांविषयी आणि ती चालवणाऱ्या माणसांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

१९४५ साली डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत दुसरे. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नगण्य होती. या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'. भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे नाव महाविद्यालयाला द्यावे, यातच बाबासाहेबांची शिक्षणविषयक दृष्टी दिसते. सुरुवातीच्या काळात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी संस्थेची घडी बसवली. 'युगयात्रा' हे नाटक त्यांचेच.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी १८६७ साली निघालेल्या हॉवर्ड विद्यापीठाला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष लाभला तो १९२६ साली, म्हणजे ५९ वर्षांनी. मिलिंदला वीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच प्राचार्यांच्या खुर्चीवर दलित समाजातील एक विद्वान बसलेला होता: डॉ. म. ना. वानखेडे.

वानखेडे मूळचे नागपूरचे, विषय इंग्रजी साहित्य. संशोधनासाठी ते फ्लोरिडा विद्यापीठात गेले. त्या विद्यापीठाने पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला तोच मुळी १९५८ साली. कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य वानखेड्यांनी अमेरिकेत वाचले आणि परतताना ते सोबत आणले. ज्यांचे जगणेच साहित्यात आलेले नाही, त्यांनी प्रस्थापितांच्या मापाने आपले लेखन का मोजून घ्यावे, हा प्रश्न त्यांनी मराठीत आणला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांचे उदाहरण समोर ठेवून त्यांनी दलित लेखकांना विद्रोही लेखनाची हाक दिली.

प्राचार्याचे काम प्रवेश, वसतिगृह, निकाल आणि अनुदान यांतच संपून जाऊ शकते, बहुधा संपतेच. वानखेड्यांच्या काळात मिलिंदमधून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले, आणि तेथील मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवले. ज्यांचे लेखन कुठेच छापून येत नव्हते, अशा किती तरी नवख्या हातांना त्याने पहिली पाने दिली.

दलित चळवळीचे कृष्णवर्णीयांशी असलेले नाते सांगताना आपण हमखास १९७२च्या दलित पँथरपासून, म्हणजे त्या नावापासून सुरुवात करतो. हे अपुरे आहे. मुंबईच्या रस्त्यावर ते नाव घुमण्याआधी काही वर्षे औरंगाबादच्या एका महाविद्यालयात या नात्याची चर्चा सुरू झाली होती.

वानखेडे १९७८ साली गेले. 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' हा त्यांचा लेखसंग्रह पुस्तकरूपाने आला तो त्यांच्या मृत्यूनंतर.