गुलपिलिल यांचं देणं

ऑस्ट्रेलियातले आदिवासी अभिनेते डेव्हिड गुलपिलिल यांना मी प्रत्यक्ष कधी भेटले नाही, पण ज्या भूमीवर मी संसार मांडला ती बघायला मला त्यांनी शिकवलं. नवख्या नजरेला ऑस्ट्रेलियातलं रान ओसाड, बिनमालकीचं वाटतं. ॲडलेडला आल्यावर मुलीसोबत 'स्टॉर्म बॉय' (१९७६) हा त्यांचा चित्रपट पाहिला. कूराँगच्या खाऱ्या पाण्याकाठी एका एकट्या पोराला पेलिकनची पिल्लं जगवायला मदत करणारा फिंगरबोन बिल त्यांनी असा उभा केलाय की वाळूची टेकडीन् टेकडी त्याच्या ओळखीची वाटते. पुढे कूराँगला गेलो तेव्हा मुलीला आधी सांगितलं, ही नगारिंजरी या आदिवासी लोकांची जागा आहे.

मला सर्वांत जवळची त्यांची भूमिका मात्र 'द ट्रॅकर' (२००२) मधली. काळ १९२२. घोड्यांवर गोरे शिपाई, पुढे पायी आदिवासी माग काढणारा. आमच्याकडे रामोशी पावलांवरून चोराचा माग काढत, हे आजीकडून ऐकलेलं. त्यामुळे त्याचं मातीकडे बघणं मला परकं वाटलं नाही. मान लववून हुकूम झेलणारा हा माणूसच सगळ्यांना आपल्याला हवं तिकडे नेतोय, हे गुलपिलिल नुसत्या चालीतून कळवतात. शिपाई आदिवासींची कत्तल करतात तिथे प्रत्यक्ष दृश्याऐवजी दिग्दर्शक रॉल्फ डी हीअर रंगवलेली चित्रं दाखवतात. त्यानंतर गुलपिलिल यांचा चेहरा बघवत नाही.

त्यांचं आयुष्य सरळ नव्हतं. दारू होती, पत्नीवरच्या हल्ल्याबद्दल तुरुंगवास होता. ऋण मानते म्हणून मी ते झाकणार नाही. त्याच पडत्या काळात डी हीअर त्यांना भेटत राहिले आणि दोघांनी मिळून 'चार्लीज कंट्री' लिहिला. त्यातल्या भूमिकेसाठी २०१४ मध्ये कान महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात ते सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले.

फुप्फुसाच्या कर्करोगाने २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते गेले. अखेरची वर्षं मरे ब्रिजला, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणि त्यांच्या अर्नहेम लँडपासून हजारो किलोमीटर दूर. नंतर घरच्यांनी त्यांना त्यांच्या भूमीत नेलं. त्यांच्या योलंगू लोकांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. पण आपली आठवण राहावी ही त्यांची इच्छा होती, आणि कुटुंबाने तशी मोकळीक दिली. म्हणून इथे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं आहे.