एका गुणाची गोष्ट

दिवाळीच्या आधी आमच्या घरात जी झाडलोट होते, तिच्यात माझ्या वाट्याला एकच काम येते. माळ्यावरून काढलेली पितळी भांडी चिंचेने घासायची. हे काम मला मनापासून आवडते. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते आणि आपण उद्योगात आहोत हे सर्वांना दिसत असल्यामुळे दुसरे काम कुणी सांगत नाही!

यंदा माझा नातू मदतीला बसला. समया झाल्या, घंगाळ झाले, आणि ढिगातून वीतभर उंचीचा एक करंडक त्याच्या हाती आला. एके काळी त्यावर पांढरा मुलामा होता. तो केव्हाच उडून गेला आणि आतले पितळ काळवंडले. नातवाने अर्धी बाजू घासली आणि उमटलेली अक्षरे मोठ्याने वाचली : "सायकल शर्यत, पहिला क्रमांक, १९६३." मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "आजोबा, हा तुम्ही जिंकलात? मग कधी बोलला कसे नाहीत?"

मुलगा शर्यतींचा वेडा आहे. मोटारींच्या जागतिक शर्यतींचा मोसम दिवाळीच्या सुमारास संपत आलेला असतो. त्या दिवसांत हा वहीत गुणांच्या बेरजा मांडून बसतो. अमुक दुसरा आला आणि तमुक सहावा, तर विजेतेपद कुणाकडे, असली त्रैराशिके तो चकली खाता खाता सोडवतो. गणिताच्या पेपरात मात्र ही हुशारी कुठे जाते, कोण जाणे.

त्याच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिले नाही. म्हटले, "तुला एका शर्यतीची गोष्ट सांगतो."

ही गोष्ट मला सापडली ती २०२० च्या एप्रिलात. सगळा देश घरात कोंडलेला होता, आणि वेळ जात नाही म्हणून मी संगणकावर वाटेल ते वाचीत बसे. त्यात स्टर्लिंग मॉस नावाचा इंग्रज शर्यतपटू नव्वदाव्या वर्षी वारल्याची बातमी आली. जगज्जेता कधीही न झालेला सर्वांत थोर शर्यतपटू, असे त्याचे वर्णन होते. मला नवल वाटले. थोर आहे तर जिंकला का नाही? म्हणून पुढे वाचीत गेलो, आणि त्या वाचनाने माझी झोप उडवली.

१९५८ सालचा मोसम. मॉस व्हॅनवॉल नावाची हिरवी इंग्रजी मोटार चालवीत होता. त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्नही इंग्रजच, पण तो तांबड्या फेरारीवर. हा हॉथॉर्न उंच, सोनेरी केसांचा, आणि शर्यतीतसुद्धा गळ्यात फुलपाखरी टाय बांधून बसणारा गडी! शर्यतीत पहिल्याला आठ गुण, मग सहा, चार, तीन, दोन. आणि सर्वांत वेगवान फेरा मारणाऱ्याला वर एक. वर्षातले सर्वोत्तम सहा निकाल तेवढे धरायचे.

अकरांपैकी नववी शर्यत पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात २४ ऑगस्टला झाली. तिथे शर्यतीसाठी वेगळा मार्ग नव्हता. शहराचेच रस्ते, कुठे फरसबंदी, कुठे ट्रामचे रूळ. तीनच आठवड्यांपूर्वी जर्मनीतल्या शर्यतीत हॉथॉर्नचा जिवलग मित्र पीटर कॉलिन्स त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्याबाहेर फेकला गेला आणि मरण पावला होता. अशा मनाने तो माणूस पोर्तोला उतरला होता.

मॉस पुढे निघून गेला. मध्येच हॉथॉर्नने सर्वांत वेगवान फेरा मारला. मॉसच्या माणसांनी त्याला कळावे म्हणून रस्त्याकडेला फळी दाखवली. तिच्यावर 'रेक' अशी अक्षरे होती, म्हणजे हॉथॉर्नने विक्रम केला आहे, तूही जोर लाव. भरधाव मोटारीतून मॉसने वाचले 'रेग', म्हणजे सारे नेहमीप्रमाणे चालले आहे. इंग्रजीतल्या त्या दोन अक्षरांत शेपटीएवढाच फरक. पण त्या शेपटीने एक गुण हॉथॉर्नच्या पदरात टाकला.

शेवटी शेवटी तर मॉस हॉथॉर्नला अख्ख्या एका फेऱ्याने मागे टाकण्याच्या बेतात होता. पण त्याने वेग आवरला आणि त्याला पुढे राहू दिले. मॉस जिंकला. हॉथॉर्नचा मात्र अखेरचा फेरा उरला होता. त्या फेऱ्यात त्याची मोटार गिरकी घेऊन बंद पडली. चढावर तो ती एकटाच ढकलीत होता. विजयानंतरचा सावकाश फेरा घेत मॉस तिथून जात होता. त्याने ओरडून सांगितले, अरे, उताराच्या बाजूने ढकल! हॉथॉर्नने तसे केले, मोटार सुरू झाली आणि तो दुसरा आला.

खरी शर्यत पुढेच आहे. पंचांनी हॉथॉर्नला बाद करण्याचे ठरवले. कारण, तो शर्यतीच्या उलट दिशेने मोटार घेऊन गेला. तो बाद झाला असता तर त्याचे दुसऱ्या क्रमांकाचे सहा आणि वेगवान फेऱ्याचा एक असे सातही गुण गेले असते. कोणी काही बोलायची गरज नव्हती. मॉसने फक्त गप्प बसायचे होते.

मॉस पंचांपुढे गेला आणि त्याने साक्ष दिली, की मी पाहिले आहे, हॉथॉर्न उलट गेला तो शर्यतीच्या रस्त्यावरून नव्हे, फुटपाथवरून. पंचांनी ते मानले. सात गुण राहिले.

१९ ऑक्टोबरला मोरोक्कोत कासाब्लांकाला शेवटची शर्यत झाली. मॉस जिंकला, वेगवान फेराही त्याचाच. त्याहून अधिक माणसाला काही करता येत नाही. पण हॉथॉर्न दुसरा आला, आणि बेरीज झाली : हॉथॉर्न बेचाळीस, मॉस एक्केचाळीस. वर्षभरात मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. जगज्जेता हॉथॉर्न.

त्या दिवशी आनंद करावा असे कुणालाच फारसे उरले नव्हते. मॉसचा तरुण सोबती स्टुअर्ट लुइस-एव्हान्स त्याच शर्यतीत भाजला आणि सहा दिवसांनी गेला. हॉथॉर्नने शर्यती सोडल्या, आणि पुढच्याच जानेवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, इंग्लंडातल्या साध्या रहदारीच्या रस्त्यावर तो अपघातात मेला. मॉस पुढे सोळा शर्यतींचा विजेता म्हणून थांबला. विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही.

नातवाने वहीवर पेन्सिलीने हिशोब केला. "सात वजा," तो पुटपुटला, "त्याऐवजी चार गुणांचा निकाल धरला तर एकोणचाळीस. म्हणजे आजोबा, तो गप्प बसला असता तर सरळ जिंकला असता!"

"हो," मी म्हटले. आणि मग मला करंडकाची गोष्ट सांगावीच लागली.

१९६३ च्या २६ जानेवारीला आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या फाटकापासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत अशी सायकलींची शर्यत होती. माझा एक मित्र होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही. आम्ही दोघांनी एकाच दुकानातून तासाच्या भाड्याने सायकली आणल्या होत्या. परतताना जकात नाक्यापाशी पुढे असलेल्या त्याची चेन उतरली. तो उतरला, सायकल कडेला घेतली, चेन चढवली आणि पुन्हा सुटला. तिथे एक शेतकरी आपला बैल बाजूला घेत उभा होता. मी मागेच होतो, सगळे पाहिले. मित्र माझ्यापुढे चार हात राहून पहिला आला.

पण लांबून पाहणाऱ्या एका पंचाला वाटले, त्या शेतकऱ्याने सायकलीला हात लावला. दुसऱ्याची मदत घेतली की बाद, असा नियम होता. त्यांनी मला बोलावले. "तू मागेच होतास ना? काय पाहिलंस?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, सर."

एवढेच. खोटे बोललो, असेही कुणाला म्हणता येणार नाही, अशी मी साठ वर्षे स्वतःची समजूत घातली. करंडक मला मिळाला आणि वर पंचवीस रुपये. मित्राने काही म्हटले नाही. शाळा सुटल्यावर तो एसटीच्या आगारात कामाला लागला, मी शहरात आलो. दिवाळीला पत्रे, पुढे फोन, एवढे टिकून राहिले. मराठीत मार्कांनाही गुण म्हणतात आणि चांगुलपणालाही. मॉसने एक गुण घालवून दुसरा राखला. मी नेमका उलटा व्यवहार केला होता.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. चिंच त्याच्या हातातच राहिली. मग म्हणाला, "ते आजोबा अजून आहेत?"

"आहेत."

"मग फोन करा की."

तेरा वर्षांचे पोर ते! त्याला वाटते, साठ वर्षांचे अंतर फोनने मोडते. पण त्याच्यासमोर नाही म्हणायचे धैर्य मला झाले नाही. संध्याकाळी फोन लावला. सगळे सांगितले. पलीकडे इतका वेळ शांतता, की फोन तुटला असे मला वाटले.

मग तो म्हणाला, "चेन चढवताना हात काळे झाले होते बघ. त्याच हातांनी मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. घरी आईनं विचारलं, तर तिला वाटलं, मीच रस्त्यात सायकल मोडली. मार बसला." थोडे थांबून म्हणाला, "तुझं लक्ष होतं, हे मला ठाऊक होतं. शेवटच्या वळणावर तू माझ्याकडे वळून पाहिलं होतंस."

माझ्याने काही बोलवेना. क्षमा केली, असे तो म्हणाला नाही, आणि मीही मागितली नाही. फोन ठेवण्यापूर्वी एवढेच म्हणाला, "भाऊबीज झाली की ये. येताना तो पेला आण. एकदा हातात तरी घेऊन बघतो."

नातू उरलेली बाजू घासायला निघाला होता. मी त्याला थांबवले. तसाच, अर्धा उजळ अर्धा काळा, करंडक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला आहे. सोबत चिवड्याचा डबा आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीचे तिकीट काढले आहे.